परसात डझनभर कोंबड्या: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

कोंबड्या पाळायच्या म्हटलं की पहिला प्रश्न येतो तो जातीचा. कडकनाथ घेऊ, गिरिराज घेऊ, की आपली गावरानच बरी? प्रश्न चुकीचा नाही, पण त्याचा नंबर चौथा. आधी तीन गोष्टी बघायच्या: परसातली जागा पावसाळ्यात कोरडी राहते का, दिवे लागणीला खुराड्याचं दार लावायला घरात कोणीतरी असतं का, आणि जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा औषधांच्या दुकानात लस मिळते का. तिन्हींचं उत्तर हो असेल तर कुठलीही जात तुमच्याकडे जगेल. नसेल तर गावरानही मरते आणि कडकनाथही. कडकनाथ मेली तर पैसे जास्त जातात, एवढाच फरक.

इथे जे सांगतो आहे ते दहा-बारा कोंबड्यांसाठी. घरच्यापुरती अंडी, अधूनमधून पाहुण्यांसाठी एखादा कोंबडा, असा बेत असणाऱ्यांसाठी. शे-दोनशे पक्षी पाळून धंदा करायचा असेल तर खाद्याचा, जागेचा, विक्रीचा हिशेबच वेगळा होतो. शहराच्या हद्दीत राहत असाल तर नगरपालिकेत आणि शेजाऱ्यांकडे आधी विचारून घ्या. शेजाऱ्यांची तक्रार बहुधा कोंबड्याच्या आरवण्याची असते, आणि अंड्यांसाठी कोंबडा लागतच नाही. तो फक्त पिल्लं काढायची असतील तर हवा. आठ-दहा माद्यांमागे एक पुरतो.

आधी खुराडं, मग कोंबड्या

क्रम असाच ठेवा. पक्षी आणून मग खुराड्याचा विचार करणाऱ्यांच्या कोंबड्या पहिल्या आठवड्यात न्हाणीघरात, दुसऱ्या आठवड्यात आंब्यावर आणि तिसऱ्या आठवड्यात मुंगसाच्या पोटात असतात.

बारा कोंबड्यांना ४ फूट बाय ६ फूट जागा पुरे, म्हणजे पक्ष्यामागे २ चौरस फूट. दिवसभर त्या बाहेर फिरणार असतील तर त्याहून थोडी कमी चालते, पण पावसाळ्यात त्यांना दोन-दोन दिवस आत कोंडावं लागतं हे लक्षात घेऊन मापात कंजुषी करू नका. खुराड्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवा, म्हणजे लांब बाजूंनी ऊन थेट आत घुसत नाही. हवा खेळती हवी, पण वारा थेट अंगावर नको. म्हणून भिंतीचा खालचा फूट-दीड फूट बंद आणि वर जाळी, अशी रचना बरी.

कोकणात, मावळात, जिथे पावसाची झड लागते तिथे खुराडं जमिनीपासून दोन-अडीच फूट उंच, खांबांवर उभारलेलं असावं आणि छपराचं पाखं दोन-तीन फूट पुढे आलेलं असावं. मराठवाड्यात, विदर्भात उलट चिंता उन्हाची. तिथे नुसत्या पत्र्याखाली कोंबडी ठेवणं म्हणजे तिला भाजायला ठेवणं आहे. पत्र्यावर कडबा, तुराट्या किंवा नारळाच्या झावळ्यांचा जाड थर टाका, आणि शक्य असेल तर खुराडं कडुनिंबाच्या किंवा चिंचेच्या सावलीत घ्या.

आता जाळीबद्दल. दुकानात 'कोंबडी जाळी' म्हणून जी पातळ षटकोनी तारेची जाळी मिळते ती कोंबडीला आत ठेवते, कुत्र्याला बाहेर ठेवत नाही. भटकं कुत्रं ती दाताने फाडतं, मुंगूस फटीतून शिरतं आणि साप तर थेट भोकातून जातो. रात्रीच्या खुराड्याला अर्ध्या इंची वेल्डेड जाळीच लावा. महाग पडते, पण सगळ्या खर्चात जिथे हात आखडू नये अशी हीच एक जागा. जमिनीवरचं खुराडं असेल तर जाळी फूटभर खाली पुरा किंवा बाहेरच्या बाजूला फूटभर आडवी पसरून वर दगड ठेवा, कारण घूस आणि कुत्रं दोघंही उकरतात. दाराला नुसता आकडा नको, पक्की कडी हवी.

आत दोनच वस्तू लागतात. एक, बसायला दांडी: दीड-दोन इंच जाडीची, कडा गोल केलेली, पक्ष्यामागे ८ इंच जागा धरून. दुसरी, अंडी घालायला खोकी: चार-पाच कोंबड्यांमागे एक, साधारण फूटभर लांब-रुंद-उंच, आत पेंढा. खोकी अंधाऱ्या कोपऱ्यात आणि दांडीपेक्षा खाली असावीत. वर ठेवली तर कोंबड्या रात्री त्यांतच झोपतात आणि सकाळी शिटेने माखलेली अंडी मिळतात.

जमिनीवर दोन-तीन इंच भाताचा तूस किंवा लाकडाचा भुसा पसरा. याला पोल्ट्रीवाले गादी म्हणतात. आठवड्यातून एकदा ती खालीवर करायची. ती ठीक आहे का हे ओळखायला मूठभर तूस घट्ट दाबून बघा. मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला तर गादी ओली आहे. सुटून पडला तर उत्तम. आणि वास बघायचा तो उभं राहून नाही. खाली वाकून, कोंबडीच्या उंचीला नाक नेऊन बघा. डोळे चुरचुरले तर त्या तिथेच रात्रभर झोपतात हे आठवा, ओला भाग काढून टाका आणि कोरड्या तुसात थोडी चुन्याची भुकटी मिसळून पसरा. जुनी गादी फेकू नका. दोन-तीन महिने कुजवली की भाजीच्या वाफ्यांना तिच्यासारखं खत नाही. ताजी मात्र मुळाशी घालू नका, रोपं जळतात.

ओलाव्याचा मी एवढा काथ्याकूट करतो आहे, कारण पुढे ज्या आजारांची नावं येतील त्यांतले काही या ओल्या गादीतूनच उगवतात.

कोणत्या कोंबड्या, कुठून, कधी

सुरुवात दसऱ्यानंतर करा. जमीन वाळलेली असते, डास कमी होऊ लागतात, आणि तेव्हा आणलेली पाच-सहा आठवड्यांची पिल्लं उन्हाळ्याच्या तोंडाशी अंड्यावर येतात. ऐन पावसाळ्यात सुरुवात करणं नवख्याने टाळावं.

गावरान कोंबडी वर्षाला ६०-८० अंडी देते, पण स्वतःचं रक्षण स्वतः करते, अंड्यांवर बसते, पिल्लं वाढवते. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने परसासाठीच तयार केलेल्या वनराज आणि ग्रामप्रिया या जाती मोकळ्यावरही बऱ्या चालतात. वनराज १००-११० अंडी आणि भरपूर मांस देते, ग्रामप्रिया अंड्यांना पुढे, १६०-१८० पर्यंत. बेंगळुरूच्या कृषी विद्यापीठातून आलेली गिरिराज अंगाने जड, पळायला मंद. घारी आणि कुत्री जास्त असतील तिथे ती तोट्याची. कडकनाथ मूळची मध्य प्रदेशातल्या झाबुआची, २०१८ मध्ये तिच्या मांसाला भौगोलिक मानांकन मिळालं. मांसाला भाव आहे, पण अंडी बेताची आणि बाजारात भेसळ फार. माझ्या मते पहिल्या वर्षी आठ ग्रामप्रिया किंवा वनराज आणि चार गावरान हा मेळ सर्वांत बरा. सुधारित जाती क्वचितच खुडूक होतात, म्हणजे अंडी उबवायला बसतात. पुढची पिल्लं काढायला गावरान लागतेच.

आणताना एक दिवसाची पिल्लं घेण्यापेक्षा पाच-सहा आठवडे वाढवलेली, लसीकरण झालेली पिल्लं घ्या. महाग मिळतात, पण मरतुकीचा सगळ्यात वाईट काळ दुसऱ्याने काढलेला असतो. पशुसंवर्धन विभागाची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रं पुण्यात खडकीला, कोल्हापूर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे आहेत. तिथे चौकशी करा. विकणाऱ्याला कोणती लस कधी दिली हे तारखेसकट विचारा. जो गोंधळतो त्याच्याकडून घेऊ नका. जत्रेत आणि सायकलवर मिळणारी गुलाबी-हिरवी रंगवलेली पिल्लं तर नकोच. ती बहुधा अंड्याच्या जातीचे नर असतात, उबवणी केंद्राने नको म्हणून काढलेले. अंडी तर ती देणार नाहीतच, लस मिळाल्याचाही भरवसा नाही.

आणल्यावर आठवडाभर खुराड्यातच कोंडून ठेवा. आपलं घर कोणतं हे त्यांना कळायला तेवढा वेळ लागतो. मग पहिल्यांदा सोडायचं ते संध्याकाळी, अंधार पडायच्या तासभर आधी. फार लांब जायला वेळच उरत नाही, आणि खायला घालायची हाक ऐकून त्या परत येतात. हाक प्रत्येक घरची वेगळी असते. रोज तीच मारा म्हणजे झालं.

एक दिवसाची पिल्लं आणलीच तर

मग पहिले तीन-चार आठवडे ऊब द्यावी लागते. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या उंचीला ३५ अंश सेल्सिअस, पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी. पुठ्ठ्याचा किंवा पत्र्याचा दीड फूट उंच गोल कडा करा. गोलच, कारण कोपरा मिळाला की पिल्लं तिथे एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरून मरतात. पिल्लामागे २ वॅट धरून मध्ये तारेचा पिवळा बल्ब टांगा. एलईडी दिव्याने उजेड पडेल, ऊब मिळणार नाही. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. त्या धुराने पिल्लंच काय, माणसंही मरतात.

थर्मामीटर नसला तरी पिल्लं सांगतात. बल्बखाली गोळा होऊन चिवचिवाट करत असतील तर थंडी वाजते आहे, बल्ब खाली घ्या. कड्याला चिकटून चोच उघडी टाकत असतील तर उकडतं आहे, वर घ्या. सगळीकडे सारखी पसरून खात-पीत असतील तर हात लावू नका. पहिल्या दिवशी उकळून गार केलेल्या पाण्यात थोडा गूळ, आणि वर्तमानपत्रावर मक्याची बारीक भरड. पाण्याचं भांडं उथळ घ्या, त्यात खडे टाका. पिल्लं बोटभर पाण्यातही बुडतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून तयार स्टार्टर खाद्य. यात घरगुती प्रयोग करू नका, या वयात २० टक्के प्रथिनं लागतात आणि ती नुसत्या तांदळाच्या कणीत नसतात.

खाणं-पाणी

मोठी कोंबडी दिवसाला ११०-१२० ग्रॅम खाते. मोकळी फिरणारी यातलं बरंचसं स्वतः मिळवते: किडे, वाळवी, गवताचं बी, शेणातले दाणे. तरी अंड्यावरच्या कोंबडीला रोज ४०-५० ग्रॅम वरखाद्य द्यावंच लागतं. त्यातला थोडा भाग सकाळी सोडताना, जास्त भाग संध्याकाळी परत बोलावताना. फक्त खरकट्यावर ठेवलेल्या कोंबड्या जगतात, अंडी देत नाहीत.

घरी मिश्रण करायचं तर १० किलोला साधारण मक्याची भरड ५ किलो, तांदळाचा कोंडा २ किलो, सोयाबीनची पेंड अडीच किलो, क्षार मिश्रण २०० ग्रॅम, मीठ ३० ग्रॅम, बाकी शिंपल्यांचा चुरा. मक्याऐवजी निम्मी ज्वारी किंवा बाजरी चालते. किनारपट्टीवर सुकटीचा चुरा स्वस्त मिळत असेल तर थोडी पेंड कमी करून तो घाला. मग मीठ मात्र घालू नका, सुकटीतच पुरेसं असतं.

दोन गोष्टींत चुका फार होतात. लातूर-वाशीमकडे घरचं सोयाबीन पोत्याने असतं म्हणून ते कच्चंच घातलं जातं. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनं पचू न देणारे घटक असतात. भाजून द्या किंवा पेंड वापरा. दुसरी चूक म्हणजे बुरशी आलेला मका किंवा शेंगदाणा पेंड 'माणसाला नाही तर कोंबड्यांना' म्हणून देणं. त्या बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन कोंबडीचं यकृत खातं, आणि त्या विषाचा अंश अंड्यातही उतरू शकतो. असा माल उकिरड्यावरही टाकू नका, त्या तिथेही जातील.

एका अंड्याच्या कवचात जवळपास २ ग्रॅम कॅल्शियम जातं. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत कायम भरून ठेवा, जिला लागेल ती खाईल. घरच्या अंड्यांची टरफलंही चालतात, पण भाजून, अगदी बारीक कुटून. ओळखू येईल असं टरफल दिलं की कोंबडीला अंडं फोडून खायची चटक लागते, आणि ती एकीची बाकीच्या शिकतात.

पाणी खाद्याच्या दुप्पट, उन्हाळ्यात त्याच्याही दुप्पट. कोंबडीला घाम येत नाही; चोच उघडून धापा टाकणं हाच तिचा पंखा. पारा चाळिशीच्या पुढे जातो तेव्हा दुपारचं खाद्य बंद ठेवा, मातीच्या भांड्यात सावलीत पाणी ठेवा, दिवसातून दोनदा बदला, जाळीला ओलं गोणपाट लावा. हे सगळं मार्चमध्येच करून ठेवा, पहिल्या मेलेल्या कोंबडीची वाट बघू नका.

आजार: काय टाळता येतं, काय नाही

रोज संध्याकाळी दाणे टाकताना पाच मिनिटं उभं राहून बघा. धावत न येणारी, पिसं फुगवून एका बाजूला उभी, पंख खाली सोडलेली कोंबडी आजारी धरा. तिला लगेच घराच्या दुसऱ्या अंगाला डालग्याखाली ठेवा आणि तिचं काम सगळ्यात शेवटी करा, म्हणजे हाता-पायांवरून रोग बाकीच्यांकडे जात नाही.

सगळ्यात मोठा शत्रू मानमोडी, म्हणजे राणीखेत. हिरवट-पांढरी पातळ हगवण, धाप, पंख-पाय लुळे पडणं, मान पिरगळणं, आणि मग एकामागून एक मरणं. लस न दिलेल्या कळपात क्वचितच काही शिल्लक राहतं. यावर औषध नाही. 'हळद-लसूण दिला आणि बऱ्या झाल्या' असं सांगणारे भेटतील. त्यांच्या कोंबड्यांना बहुधा दुसरंच काहीतरी झालेलं असतं. खरा उपाय लस, आणि तीही आधी.

वेळापत्रक साधारण असं. मरेक्स या विषाणूजन्य रोगाची लस उबवणी केंद्रातच पहिल्या दिवशी. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा या राणीखेतच्या लशीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात. चौदाव्या दिवशी गंबोरो या पिल्लांच्या रोगाची लस. चौथ्या आठवड्यात पुन्हा लासोटा. सहाव्या-सातव्या आठवड्यात देवीची लस. आठ ते दहा आठवड्यांच्या दरम्यान राणीखेतचं आर-टू-बी इंजेक्शन. पुढे किती महिन्यांनी काय द्यायचं ते तुमच्या भागातला रोगाचा जोर बघून पशुवैद्यक सांगतील.

लस वाया जाते ती वाटेत. दुकानापासून घरापर्यंत थर्मासमध्ये बर्फात आणा, उन्हं उतरल्यावर द्या, कालवल्यावर तासा-दोन तासांत संपवा. पाण्यातून द्यायची असेल तर नळाचं क्लोरीनचं पाणी वापरू नका. विहिरीचं पाणी घ्या आणि लिटरला ५ ग्रॅम साय काढलेल्या दुधाची भुकटी मिसळा. आजारी पक्ष्याला लस देऊ नये. अडचण अशी की कुपी शंभर किंवा जास्त डोसांची येते आणि तुमच्याकडे कोंबड्या बारा. म्हणून आळीतल्या चार-सहा घरांनी मिळून एकाच दिवशी लस आणावी. त्यात पैसे वाचतात हे खरं, पण मोठा फायदा वेगळा: शेजारच्या कोंबड्या तुमच्याच उकिरड्यावर येणार असतात, त्यांना लस नसेल तर रोग वस्तीत फिरतच राहतो.

गावात मरतूक सुरू झाली की लोक आजारी कोंबड्या घाईने बाजारात नेतात किंवा कापून पिसं ओढ्यात टाकतात. रोग पसरतो तो असाच. मेलेला पक्षी तीन फूट खोल पुरा, वर चुना टाका. नवीन पक्षी आणला तर दोन-तीन आठवडे वेगळा ठेवूनच कळपात सोडा.

रक्ती हगवण तीन ते सहा आठवड्यांच्या पिल्लांना होते: रक्ताळलेली शीट, फिका पडलेला तुरा. ओल्या गादीचा हा थेट प्रसाद. ॲम्प्रोलियम हे औषध पाण्यातून देतात, वेळेवर दिलं तर पिल्लं वाचतात. पण गादी बदलली नाही तर महिन्याभरात पुन्हा तेच. देवीत तुऱ्यावर, डोळ्यांभोवती खपल्या धरतात, डास ती पसरवतात. खपल्यांना पोव्हिडोन आयोडीन लावा, बहुतेक पक्षी तीन-चार आठवड्यांत सावरतात. तोंडात पांढरे चट्टे आले तर मात्र अवघड. डोळे सुजून नाक वाहत असेल, घुरघुर येत असेल तर पशुवैद्यकाला दाखवा, आणि मेडिकलमधून अंदाजाने प्रतिजैविक आणू नका. कुठलंही औषध दिलं तर अंडी किती दिवस खायची नाहीत हे विचारायला विसरू नका.

जंतांचं औषध दर तीन महिन्यांनी. उवा-पिसवांसाठी परसात एका कोपऱ्यात कोरडी माती आणि चुलीची राख मिसळून खड्डा करून द्या; कोंबड्या त्यात लोळून स्वतःची सफाई करतात. गोचीड दिवसा खुराड्याच्या फटीत लपतात आणि रात्री रक्त पितात, म्हणून पक्ष्यांवर कितीही पावडर मारा, फटी बुजवून चुना दिल्याशिवाय ते जात नाहीत.

आणि बर्ड फ्लू. २००६ मध्ये देशातली पहिली लागण आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला झाली; २०२१ मध्ये परभणीत मुरुंब्याला झाली. अचानक, काहीच लक्षण न दिसता बरेच पक्षी मेले, किंवा आसपास कावळे मरून पडायला लागले, तर हात लावू नका, पोरांना लांब ठेवा आणि पशुवैद्यकीय दवाखान्याला लगेच कळवा. आपल्या कोंबड्या मारून टाकतील या भीतीने लपवणं हा माणसांच्या जिवाशी खेळ आहे.

अंडी, आणि खुडूक कोंबडी

गावरान आणि वनराज साधारण सहाव्या महिन्याच्या आसपास अंड्यावर येतात. तुरा लालभडक होतो, तलंग, म्हणजे अंड्यावर येऊ घातलेली कोवळी कोंबडी, खोक्यांपाशी घुटमळायला लागते. खोक्यात आधीच एक पांढरा गोटा ठेवला तर कुठे घालायचं ते तिला कळतं. अंडी दिवसातून दोनदा गोळा करा. धुऊ नका, कोरड्या फडक्याने पुसा. धुतल्यावर कवचावरचा नैसर्गिक थर जातो आणि अंडं लवकर खराब होतं. निमुळतं टोक खाली ठेवून रचा. पिसं झडतात तेव्हा आणि दिवस लहान होतात तेव्हा अंडी कमी होणं किंवा थांबणं हा आजार नाही. कोंबडीला अंड्यासाठी चौदा-सोळा तास उजेड लागतो.

खोक्यातून उठत नाही, हात नेला की फुगून गुरगुरते, ती खुडूक झाली. पिल्लं नको असतील तर तिला दोन-चार दिवस पेंढ्याशिवाय, जाळीच्या तळाच्या पिंजऱ्यात खाण्या-पाण्यासकट ठेवा, खूळ उतरतं. विहिरीच्या पाण्यात बुचकळण्याची जुनी पद्धत क्रूर आहे आणि थंडीत कोंबडीच आजारी पडते. पिल्लं हवी असतील तर रात्री, अंधारात, तिच्याखाली दहा-बारा अंडी ठेवा. आठवड्याच्या आतली, मध्यम आकाराची, कळपात कोंबडा असतानाची. सातव्या दिवशी टॉर्चवर धरून बघा. आत लाल शिरांचं जाळं दिसलं तर ठेवा, स्वच्छ दिसलं तर काढून घ्या. एकविसाव्या दिवशी पिल्लं फुटतात. आईसह पहिले दोन-तीन आठवडे डालग्याखाली, दिवसा उन्हात आणि रात्री घरात. घार आणि कावळा याच काळात टपलेले असतात. राणीखेतची लस या पिल्लांनाही पाचव्या ते सातव्या दिवशीच द्यायची आहे. 'घरचीच तर आहेत' म्हणून बहुतेक जण इथेच ती चुकवतात.